अमावस्येला निघणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका व्हिएतनाम खुद्द व्हिएतनामी माणसालाही कळला नसेल, आणि कळला असला तरी त्याने तो दुसऱ्याला इतका वेळ सांगितला नसेल. सूनबाईचे हे वडील एका कंपनीचे पाण्याचे पंप विकायला दर महिन्याला सिंगापूरहून सायगावला जायचे. पंप किती खपले हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिथल्या वाफाळत्या सुपात तुळस कधी घालायची, हे मात्र मला झोपेतही सांगता येईल. सिंगापुरात ते हौगांगला राहायचे, आम्ही मुलाकडे तोआ पायोहला. मधलं अंतर, माझ्या मते, पुरेसं नव्हतं.

रस्ता ओलांडणे हा त्यांचा पहिला अध्याय. सायगावात स्कूटरींचा पूर वाहतो आणि माणसाने त्यात शांतपणे पाय घालायचा असतो. हे आम्हाला नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. आमच्या हॉलमध्ये दोन्ही नातवंडांना स्कूटरी करून सोडायचे आणि स्वतः हातात आमटीची वाटी घेऊन सोफ्यापासून देवघरापर्यंत चालत जायचे. "थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही! ते आपल्याला चुकवतात, अण्णा, आपण त्यांना चुकवायचं नसतं." एकदा नातीने त्यांना चुकवलं नाही. आमटी गालिच्यावर सांडली आणि पोरगी कमरेवर हात ठेवून अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, यू मस्ट स्टॉप लाह!" रिकाम्या रस्त्यावरही हिरव्या दिव्याची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या देशात वाढलेली ती. तिला अध्यात्म काय कळणार?

दुसरा अध्याय कॉफीचा. कपावर पत्र्याची चाळणी ठेवायची, खाली दाट गोड दूध, आणि थेंब थेंब पडताना बघत बसायचं. त्या वेळात आमच्या घरी दोनदा चहा आणि एक भांडण होऊन जातं. आम्ही बोललो की ते बोट ओठांवर ठेवत, जणू कॉफी दचकेल.

आणि जेवण! गृहस्थ इतके शाकाहारी की वाढदिवसाचा केकही चौकशी केल्याशिवाय खायचे नाहीत. आणि निघाले कुठे, तर जिथे पालेभाजीतही माशाचं पाणी घालतात तिथे. पण त्यांनी वाट शोधली होती. तिथली भाविक माणसं पौर्णिमेला आणि अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मांसमच्छी वर्ज्य करतात. त्या दिवशी फुटपाथवर एरवी मांसमच्छी विकणाऱ्या गाड्यांवरसुद्धा निव्वळ शाकाहारी सूप उकळतं. मग आमचे व्याही स्वयंपाकघरातली मराठी दिनदर्शिका बघून धंद्याच्या भेटी ठरवत. सगळं जग मुहूर्त पाहून निघतं, हे अमावस्या पाहून. टाय लावून, गुडघे कानांना टेकतील अशा बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, टोपलीभर पाल्यासकट ते वाडगं संपवत. "आपण कोथिंबीर भुरभुरतो हो, ते लोक बाग जेवतात!"

हे सगळं मला ठाऊक होतं. इतक्या वेळा ऐकलं होतं की न ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हेच आज लिहून ठेवायचं आहे.

दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला बुकित बातोकला एका स्नेह्यांकडे फराळ होता. व्याही सायगावला होते. कोणीतरी विचारलं, "व्याही कुठे, अण्णा?" मी चकली मोडत म्हणालो, "आज पौर्णिमा ना? पौर्णिमा-अमावस्या त्यांची सायगावला ठरलेली. आता तिथे कोण ओवाळतं, ते काही आपण विचारलेलं नाही." काय हशा पिकला! शाकाहारी सुपाचं कारण जोडलं असतं तर विनोद पडला असता. म्हणून मी ते जोडलं नाही.

व्हॉट्सॅप तेव्हा नुकतंच घराघरांत शिरलं होतं. विनोद फिरत फिरत विहीणबाईंपर्यंत गेला, तेव्हा त्यातलं हसू वाटेत गळून पडलेलं होतं. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, आई मला विचारत होती, तुझ्या वडिलांचं तिकडे कोणी आहे का गं?" मी म्हणालो, "लोकांना काय, जीभ आहे."

मग व्याही स्वतः आले. कॉफी नको म्हणाले. "अण्णा, माझं ती ऐकत नाही. म्हणते, जेवणासाठी कोणी तिथी बघतं का? तुम्हाला सगळं माहीत आहे. एकदा तुम्ही सांगा ना तिला."

मी सांगितलं. पण चार माणसं बसलेली असताना, आणि डोळा मिचकावून. ती चार माणसं पुन्हा हसली. विहीणबाई उठून आत गेल्या.

पुढच्या अमावस्येला ते निघाले नाहीत. व्हिएतनामचं काम त्यांनी एका तरुण सहकाऱ्याकडे सोपवलं. "ती स्टुलं फार बुटकी हो, अण्णा. गुडघे धरतात," एवढंच म्हणाले. नंतर मी जमेल तिथे खरं काय ते सांगून पाहिलं. लोक म्हणायचे, "व्याह्यांना सांभाळून घेताय, कळतं आम्हाला." मी इतका चांगला माणूस आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

आता ते दोघं नाशिकला असतात. रविवारी मी फोन करतो. विचारतो, "काय व्याहीबुवा, काय जेवलात?"

"वरणभात."

मी फोन कानाशी धरून थांबतो. वरण घट्ट होतं की पातळ, वर काय पिळलं, शेजारी कोण बसलं होतं, हे आता सांगतील म्हणून. पलीकडे पंख्याचा आवाज येत राहतो.

"बरं अण्णा," ते म्हणतात, "ठेवू का?"