बरण्यांमागचा माईक

आमच्या ह्यांना बाजारात सगळे 'कान' म्हणायचे. खरं नाव घेऊन कोणी विचारत आलं, तर शेजारचा दुकानदारसुद्धा म्हणायचा, "कोण हो ते?" स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेला स्पीकर समोर आला की हे आधी स्क्रूड्रायव्हर उचलायचे नाहीत. डोळे मिटून नुसतं ऐकायचे आणि सांगायचे, "आत कॉइल घासतेय." सभागृहांची माणसं कार्यक्रमाआधी ह्यांना मुद्दाम बोलावून न्यायची. बाहेर एवढा मान, आणि घरात? घरात मी घसा कोरडा करून काहीही सांगावं, उत्तर एकच: "चालेल."

दोन वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून दुकान बंद केलं, तेव्हा सूनबाईनं ह्यांना एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला. छोटा म्हणजे साबणाच्या डबीत मावेल एवढा. ना पडदा, ना बटणं, नुसती एक हिरवी पट्टी. मी विचारलं, "बाकीचा कुठे राहिला?" सून हसली. जुन्या टीव्हीला जोडला की झालं, म्हणे. तिची नोकरीच त्यातली. वर म्हणाली, "स्वस्तातलं खेळणं आहे आई, बाबांचा वेळ जाईल."

वेळ गेला, पण माझा. गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालायचा पंप बसवला, तर पहिल्याच दिवशी खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरी भिजल्या. बोलणी खाल्ली मी. मग फ्रिजचं दार उघडं राहिलं की ह्यांच्या मोबाईलवर निरोप जायला लागला. आता दार कोण उघडं ठेवतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्याला यंत्र कशाला? मग ह्यांच्या खोलीतल्या टेबलावर तीन बारके दिवे आले, एक हिरवा, एक तांबडा, एक पिवळा. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "असंच." चाळीस वर्षं संसार केलाय. हे असंच काही करत नाहीत.

मग एकदा मांडणी पुसताना डाळीच्या बरण्यांमागे मला नखाएवढी पाटी दिसली. मधे भोक, मागून वायर, वायर थेट ह्यांच्या खोलीत. स्पीकरवाल्याची बायको आहे मी, माईक ओळखायला मला चष्मा लागत नाही. माझ्या स्वयंपाकघरात माईक!

आता खरं सांगते, घाबरले. माझी धाकटी बहीण रोज फोन करते, आणि मी ओट्याशी उभी राहून तिच्याजवळ मन मोकळं करते. त्यात हे येतात आणि सूनबाईही येते. तिचं स्वयंपाकाचं ज्ञान, तिचं उशिरा उठणं, सगळं. ते सगळं त्या डबीत साठत असेल तर? आणि डबी दिली कोणी? सुनेनं. हल्ली सासरा-सुनेचे मोबाईलवर निरोपही फार चालायचे. मी खोलीत गेले की ह्यांचा मोबाईल उलटा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय खोटं!

मी लक्ष ठेवायला लागले. आणि काय सांगू, संशय पक्काच झाला. मी बहिणीला सांगत असायचे, "काल मी ह्यांना म्हटलं, अहो, त्या पंपाचं काहीतरी करा, तर ढिम्म!" आणि एवढ्यात हे स्वयंपाकघराच्या दारात हजर. "काय गं, हाक मारलीस?" तोंडावर साळसूद भाव. एकदा नाही, दरवेळी. ह्यांच्याबद्दल तक्रार सुरू केली की माणूस दारात उभा.

मग मी माईकच्या भोकात कापसाचा बोळा कोंबला. त्या दिवशी हे अस्वस्थ. घटकेघटकेला येऊन डोकावायचे, "काही म्हणालीस का?" शेवटी त्यांना बोळा सापडला. काढला, खिशात घातला आणि निघून गेले. म्हणजे बघा! दुसरा कोणी असता तर निदान ओशाळला असता.

मी सापळाही लावून पाहिला. बरण्यांसमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हटलं, "तो माळ्यावरचा जुना अँप्लिफायर मी आज भंगारवाल्याला देणार." तो अँप्लिफायर म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. पण हे आलेच नाहीत. खोलीत बसून तार सोलत होते. मी मनात म्हटलं, केवढा हा मुरलेला माणूस!

बायकोवर पाळत ठेवणाऱ्या नवऱ्याबरोबर राहायचं कसं? मी बॅग भरली. सकाळी हे खिडकीशी पाठमोरे बसून दाढी करत होते, तेव्हा दारातूनच सांगितलं, "मी बहिणीकडे चाललेय. कायमची." आरशात दारातली मी दिसले असणार, पण वळून बघितलंसुद्धा नाही. गालावर वस्तरा फिरवत म्हणाले, "चालेल."

झालं, माझं जाणं पक्कं. पण जायच्या आधी पुरावा हवा होता. हे केस कापायला बाहेर पडले तशी मी सुनेला तिच्या घरून बोलावून घेतलं. दार लावलं आणि म्हटलं, "तूच दिलीस ना ही डबी? उघड आता माझ्यासमोर. यात माझं काय काय भरून ठेवलंय ते मला ऐकव." सुनेचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडली!

तिनं टीव्ही लावला, पडद्यावरच एक खण उघडला. त्यात माझ्याच आवाजाचे बारीक बारीक तुकडे. तिनं एक वाजवला.

"अहो."

दुसरा वाजवला. "अहो!" हा रागावून मारलेला. मग एक लाडीगोडीचा, एक दमलेला, एक सर्दी झालेला. नुसते अहो, अहो, अहो. पुढचं सगळं कापलेलं.

"आणि बाकीचं? बहिणीशी बोलले ते?" मी विचारलं.

"बाकीचं ते ठेवतच नाही, आई. दाराची बेल वाजली की हिरवा दिवा लागतो. कुकरची शिट्टी झाली की तांबडा. आणि तुम्ही 'अहो' म्हणालात की पिवळा. तुमचा अहो त्याला ओळखता यावा म्हणून बाबांनी पडद्यावर आवाजाच्या रेघा बघून हे सगळे गोळा केले." मग ती खाली बघत म्हणाली, "बाबांना ऐकू येत नाही, आई. दुकान त्यासाठीच बंद केलं. गुडघ्यांना काही झालेलं नाही. मला शपथ घातली होती. म्हणाले, कानच बहिरा झाला म्हणून बाजार हसेल. आणि तिला वाटू दे मी लक्ष देत नाही, ती सवय तिला आहे."

मला रडूच फुटलं. दोन वर्षं मी ह्या माणसाला दगड म्हणत होते, ढिम्म म्हणत होते, तेही बहिणीला तिखटमीठ लावून. आणि त्या तक्रारीतला 'अहो' ऐकून पिवळा दिवा लागायचा, आणि बिचारे हातातलं टाकून धावत यायचे.

सूनबाईनं पाणी दिलं. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "पण मावशींशी काय बोलत होता एवढं?"

"काही नाही गं. भाजीचे भाव," मी म्हटलं. हिची पोळी पुढे मी कधी वाकडी म्हणणार नाही, असं तिथल्या तिथे ठरवलं.

ती गेली आणि हे आले. डोकं भादरून, खुशीत. चपला काढताना दाराशी ठेवलेली बॅग दिसली. वाकलेले होते ते तसेच राहिले. चेहरा पांढराफटक.

"कुठे निघालीस? मला सांगितलं नाहीस."

सकाळी सांगितलं होतं हो, पाठमोऱ्याला. पण ते मी बोलले नाही. बॅग उचलून आत ठेवली आणि अगदी त्यांच्या पुढ्यात, उजेडात येऊन उभी राहिले. दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मी कुठे जात नाही. उद्या आपण कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

हे माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. डोळे भरून आले. सगळं समजलं होतं, शब्दन् शब्द.

"काय म्हणालीस?" हे म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं, आणि तेही डॉक्टर टाळायला.