नाना मुकादम आणि अडीच तासांचं लग्न

नानांना कुठेही न्या, ते आधी दारात उभे राहून माप घेत. लग्नाचा मांडव असो, एसटी असो, तेराव्याचं जेवण असो. डोळे बारीक करून डावीकडून उजवीकडे एकदा बघायचं आणि आकडा सांगायचा. "चौसष्ट पानं बसतीन. पासष्टावा उपाशी." आणि खरंच पासष्टावा माणूस हात धुऊन उभाच राहायचा. एकदा चाळीसगावला आम्ही पॅसेंजर पकडली. डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. नानांनी आत जाऊन "मामा, तुम्ही इकडे, मावशी, ती वळकटी उभी करा, ए लंब्या, पाय दुमड" असं दहा मिनिटं केलं, तर डब्यात आम्ही दोघं तर मावलोच, वर पत्ते खेळायला चौकोनभर जागा उरली. मी जरा वाढवून सांगतो अशी माझी गावात ख्याती आहे. तरी पत्त्यांचं खरं. मी त्या डावात दोनदा हरलो.

नाना मूळचे साक्रीकडचे. तरुणपणी जळगावात आले आणि मालधक्क्यावर केळी भरणाऱ्या हमालांचे मुकादम झाले. तेव्हा केळीचे घड वॅगनमधून दिल्लीकडे जायचे. नानांनी भरलेली वॅगन दिल्लीत उघडली, की केळी झाडावरून आत्ताच उतरल्यासारखी हसत बाहेर यायची म्हणे. इतर मुकादम घड कोंबायचे. नाना कोंबत नसत. त्यांचं एक वाक्य मालधक्क्यावर सगळ्यांना पाठ होतं, "हवाले बी जागा लागस, भो. दाबशी तं डाग पडी जाई."

पुढे केळी ट्रकने जायला लागली, मालधक्का ओस पडला आणि नाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या हातगाड्यांची मापं काढायला लागले. माझं तिथेच व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॅसेटचे दिवस सरत होते आणि लग्नघरची माणसं "आम्हाला ती चकती पाहिजे" म्हणायला लागली होती, म्हणजे सीडी. मी हौसेने कॉम्प्युटर घेतला, कॅसेटवरून चित्र आत घेणारं कार्ड बसवलं आणि पहिल्याच लग्नाला तोंडावर पडलो. चकतीत नेमाने मावायची चौऱ्याहत्तर मिनिटं. आपल्याकडचं लग्न अडीच तासांचं.

"मग कापा की थोडं," असं तुम्ही म्हणाल. तुम्ही खानदेशातलं लग्न केलेलं दिसत नाही. त्यात पाऊण तास आहेर असतो. टॉवेल-टोपी घेणारा एकेक पाहुणा कॅमेऱ्याकडे बघून टोपी घालतो, दोन क्षण थांबतो आणि मग बाजूला होतो. यातला एक जरी कापला, तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं. जामनेरकडच्या एका पाटलांनी तर मला बजावलं होतं, "नवरदेव कमी दिसला तरी चालेल. माझा साडू दिसला पाहिजे."

मी डोक्याला हात लावून बसलो होतो. नाना दारात उभे राहून कॉम्प्युटरचं माप घेत होते.

"काय मावत नाही?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चकती साडेसहाशे एमबीची, एका एमबीत आठ हजार किलोबिट. त्यात अडीच तास घालायचे. दर सेकंदाला चित्राच्या वाट्याला किती माल द्यायचा, त्याला बिटरेट म्हणतात. जास्त दिला तर चकती आधीच भरते. कमी दिला तर चित्राचे चौकोन होतात, माणसं विटांची बांधल्यासारखी दिसतात.

नानांनी कानामागचा खडू काढला. वॅगनच्या दारावर आकडे लिहायची त्यांची सवय, म्हणून खडू कायम कानामागे. माझ्या शटरवर त्यांनी लिहिलं : साडेसहाशे गुणिले आठ, बावन्नशे. म्हणजे बावन्न लाख किलोबिट. अडीच तासांचे सेकंद नऊ हजार. भागिले. पाचशे सत्त्याहत्तर. "आवाजाले किती?" एकशे अठ्ठावीस, मी म्हणालो. वजा केले. "ऱ्हायनात साडेचारशे. ही तं वॅगन शे, भो! फक्त घड दिसत नहीत."

नेमाने चित्राला हजाराच्या वर लागतात, हे मी सांगितलं. नाना हसले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या दुकानात बसायला लागले, आणि महिनाभरात जळगाव ते धुळे या पट्ट्यात "एका चकतीत अख्खं लग्न" ही आमची पाटी झाली. त्यांची युक्ती मालधक्क्यावरचीच होती. सगळ्यांना सारखं द्यायचं नाही. "उभा माणूस कमी खास. नाचणारा जास्ती खास." खास म्हणजे खातो. आहेराला तीनशे, मंगलाष्टकांना चारशे, वरातीतल्या नाचाला आठशे. दर प्रसंगाला कॅसेट थांबवायची, आकडा बदलायचा, पुढे चालवायची. एखादा मामा पिपाणीसमोर रुमाल तोंडात धरून नाचायला लागला, की नाना कळवळून ओरडत, "अरे थांब ना, बठ्ठा माल एकलाच खाई जाशी!"

आणि शेवटचा नियम. "मांगली रांगले बिटरेट नही." पुढे नवरा-नवरी स्वच्छ, मागे उभी असलेली माणसं चौकोनात गेली तर गेली. एकदा एक वरमामा चकती नाचवत दुकानात आला. "माझ्या डोक्याची पाटी झाली हो! माझी बायको मला ओळखेना!"

नानांनी शांतपणे विचारलं, "मामा, पुढे उभं राहायला काय झालं होतं?"

मामा चकती घेऊन निघाला. आम्ही दोघं तो गेल्यावर इतके हसलो, की शेजारच्या शिंप्याची मशीन थांबली.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, आणि तिथे मला वाढवून सांगता येत नाही. अक्का म्हणजे नानांची बायको. अख्ख्या गल्लीची अक्का. त्या कधी बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. कुणाच्याही घरचं कार्य असो, अक्का तिथे पहाटे हजर, पदर खोचलेला, हातात परात. फोटोवाला समोर आला, की त्यांना हटकून कढी आठवायची. "उतू जाईल माय," म्हणून ज्या जायच्या त्या फोटो निघाल्यावरच परत. अशा बाईचा फोटो कुणाकडे असणार? तीन दिवसांच्या तापाने त्या गेल्या, तेव्हा हार घालायला नानांकडे एकच फोटो निघाला, तोही कुणाच्या तरी बारशाचा. त्यात अक्का अर्ध्या. उरलेल्या अर्ध्यावर पाळण्याची दोरी.

वर्ष गेलं. मग एके दिवशी दुपारी दुकानात आले आणि टेबलावर एक कॅसेट ठेवली. त्यांच्या पुतणीचं धुळ्याचं लग्न. शूटिंग माझंच होतं.

"हिच्यात तुमनी अक्का शे," ते म्हणाले. "कोठे कोठे शे ते माहीत नाही. कापू नको."

मी कॅसेट उजेडात धरली. फितीवर पांढरी बुरशी आली होती. अशी फीत पुसून एकदा, फार तर दोनदा चालते. मग तिच्यावरचा लेप झडतो, आणि झडला की संपलं. आमच्या कार्डावर आकडा आधी ठरवूनच कॅसेट चालवावी लागायची. आकडा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून कॅसेट चालवा. मी हे सगळं नानांना सांगितलं.

त्यांनी खडू काढला. अडीच तास. नऊ हजार सेकंद. साडेचारशे. इतक्या वर्षांचा हात, आपोआप चालला. मीही अडवलं नाही. आमची पाटीच तशी होती ना, एका चकतीत अख्खं लग्न! कॉम्प्युटरच्या पडद्यावर आगपेटीएवढ्या खिडकीत चित्र सरकत होतं, त्यात माणूस ओळखू येत नव्हता. तीन ठिकाणी फीत अडकली, चित्र फाटलं, पुन्हा जुळलं. संध्याकाळी चकती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती टीव्हीवर लावली. हळद. नवरी पिवळीधमक, स्वच्छ. तिच्यामागे दाराशी कुणीतरी परात घेऊन उभं होतं.

"ती देख," नाना खुर्चीतून पुढे सरकले.

लुगड्याचा हिरवा रंग तेवढा होता. चेहऱ्याच्या जागी सहा-सात चौकोन. ते चौकोन हलले, परात पुढे आली, आणि चौकोन दाराबाहेर गेले. पुढे मंगलाष्टकं. अक्षता वाटणारे हिरवे चौकोन. पुढे पंगत. वाढणारे हिरवे चौकोन. प्रत्येक ठिकाणी मागे, प्रत्येक ठिकाणी कडेला. दोन दिवस मी त्या घरात कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडलो होतो. साडूंचे, मेव्हण्यांचे, त्यांच्या टोप्यांचे सुद्धा क्लोजअप घेतले होते. ज्या बाईने मला चार वेळा चहा आणून दिला, तिच्याकडे कॅमेरा एकदाही वळवला नव्हता.

"बंद कर," नाना म्हणाले.

मी बंद केलं. ते शटरवरच्या खडूच्या आकड्यांकडे वळले. मग म्हणाले, "चूक तुझी नही रे भो. मी तिले मांगली रांगमा मोजी टाकं."

मी कॅसेट पुन्हा हातात घेतली.

उरली होती एकच फेरी. मी फितीचा एकेक वीत कापसाने पुसला. दोन दिवस लागले. नाना शेजारी बसून चाक फिरवत होते, लहान मूल झोपवताना पाळणा हलवावा तसं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आकडा?"

"पुरा," नाना म्हणाले. "जितला बसस तितला. मागच्यांना बी, पुढच्यांना बी."

"एका चकतीत नाही मावणार."

"मालूम शे."

वीज जाऊ नये म्हणून मी त्या दिवशी देवाला काय काय कबूल केलं ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. वीज गेली नाही. फीत कुरकुरली, दोनदा चित्र थरथरलं, पण शेवटपर्यंत गेली. बाहेर काढली तेव्हा माझ्या बोटांना तपकिरी भुकटी लागली. ती कॅसेट त्यानंतर कधीच चालली नाही.

चौऱ्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर, दोन चकत्या झाल्या. अक्का दिसल्या. हळदीच्या दाराशी त्या कुणाला तरी डोळ्यांनी दटावत होत्या. अक्षता वाटताना एका पोराच्या मुठीतली अर्धी मूठ परत काढून घेत होत्या. पंगतीत नानांच्याच पानावर जिलबी वाढताना, कुणी बघत नाही असं समजून, एक जास्त टाकत होत्या. नाना ते बघून असे लाजले, की मी उठून चहा सांगायला गेलो.

कॉम्प्युटरमध्ये शेवटची दोन मिनिटं उरली होती.

"ती सोडून देऊ," मी म्हणालो. "नवरी गेल्यानंतरचं आहे. मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि बंद करायचा विसरलो. नुसता मोकळा मांडव दिसेल. दोन मिनिटांसाठी तिसरी चकती कशाला?"

"देखू तं दे," नाना म्हणाले.

मी लावलं. मोकळा मांडव. उलट्या खुर्च्या. पत्रावळी गोळा करणारी एक बाई कडेने आली. अक्का. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हातातली परात खाली ठेवली, आणि मांडवाच्या मधोमध, एका खुर्चीवर बसल्या. पाय लांब केले. पदराने तोंड पुसलं. मग कुठलंसं पान मांडीवर घेऊन गार झालेला भात सावकाश जेवायला लागल्या. कॅमेरा तिरका पडला होता, तरी चेहरा पूर्ण दिसत होता. दोन घास, तीन घास. मध्येच कुणीतरी काही बोललं असावं. त्या तोंडात घास असतानाच हसल्या. तिथे फीत संपली.

मी कोरी चकती काढली, कॉम्प्युटरमध्ये घातली. हात सवयीचा, तोंडातून निघून गेलं, "नाना, बहात्तर मिनिटांची जागा मोकळी राहील. आहेर टाकू का पुन्हा त्यात?"

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मालधक्का नाही, माझं दुकान नाही, चकत्या लावायला यंत्रही कुणाकडे नाही. पण त्या वेळी त्यांनी माझा हात धरला, तो हात मला अजून मनगटावर लागतो.

"नको रे भो," ते म्हणाले. "दिनभर उभी व्हती ती. आते तिले ऐसपैस बसू दे."