शेवटच्या आठवड्यातली काळी गोटी

इर्मा कून्सने आयुष्यात दोन गोष्टी मन लावून केल्या. एक म्हणजे चिकन आणि मक्याचं सूप, आणि दुसरी म्हणजे पाण्याचा टँकर चालवणं. टली फोर्क गावच्या अग्निशमन दलाला दोन्हींची सारखीच गरज पडे. या दलात पगार कुणालाच नाही. भोंगा वाजला की खाटीक सुरी टाकून पळतो, न्हावी गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं तसंच ठेवून पळतो, आणि इर्मा आधी गॅस बंद करून मग पळते. न्हाव्याला तिने एकदा सुनावलं होतं, "माझा गॅस राहिला तर भोंगा परत वाजेल रे बाबा. तुझ्या गिऱ्हाईकाचं काय, केस वाढतात."

बाई ठेंगणी, त्यामुळे टँकरमध्ये दोन उशा घेऊन बसे. बाहेरून नुसता पांढरा अंबाडा दिसायचा, आणि पोरं ओरडायची, "टँकर एकटाच चाललाय!"

तिला दलात आणलं क्लेटन रीबरने. तो दलाचा अध्यक्ष, आणि इतकी वर्षं अध्यक्ष की गावात अध्यक्ष म्हटलं की लोकांना आधी तोच आठवे, वॉशिंग्टनमधला नंतर. फार पूर्वी एका जानेवारीत इर्माच्या घराला आग लागली. नवरा अर्ल गिरणीत कामावर, ही तापाने फणफणलेली, वरच्या खोलीत. क्लेटनने जळत्या जिन्यावरून तिला खांद्यावर टाकून खाली आणलं. तो वेळेवर पोचला कारण बंबखान्याच्या दाराला कुलूप नव्हतं. अध्यक्ष झाल्या झाल्या ते त्याने स्वतःच्या हाताने काढून नदीत फेकलं होतं. "आग काही कळवून येत नाही," तो म्हणे, "मग किल्ली शोधत कोण बसेल?" तेव्हापासून दार नुसतं लोटलेलं असे. एवढ्या वर्षांत चोरीला गेली फक्त कॉफीची किटली, आणि ती कुणी नेली हे इर्माला पक्कं ठाऊक होतं.

ती बरी झाल्यावर क्लेटन म्हणाला, "सूप तर करशीलच. टँकर शिकतेस का?" बाईमाणूस टँकरवर म्हटल्यावर बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. क्लेटनने कुणाला भीक घातली नाही. त्या दिवसापासून दर जानेवारीत इर्मा त्याच्या घरी काकवीचा केक नेऊन देई. तिने आभाराचा शब्द कधी काढला नाही, आणि त्याला तो लागतही नव्हता. केक मात्र तो कुणाला वाटून देत नसे.

असा हा माणूस म्हातारपणी बिघडला. डिसेंबरच्या निवडणुकीत तो थोडक्या मतांनी हरला, आणि हरला ते शाळेची बस चालवणाऱ्या डेनिस हाउप्ट नावाच्या पोरीकडून. त्याने मतं पुन्हा मोजायला लावली, ती तेवढीच भरली. पण सुंभ जळला तरी पीळ जळतो थोडाच! "मोजणीत घोळ आहे," म्हणत तो घरोघर फिरला. जानेवारीच्या शेवटापर्यंत खुर्ची त्याचीच होती, म्हणून एके दिवशी रागाच्या भरात त्याने बंबखान्याच्या दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली. "नीट मोजणी होईस्तोवर गाडी हलणार नाही."

आणि त्याच आठवड्यात मेल्विन झूकच्या गोठ्याने पेट घेतला. इर्मा सगळ्यांच्या आधी पोचली आणि कुलपाला धक्के देत उभी राहिली. क्लेटन शेजारच्या गावात दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! डेनिसने दुकानातून लोखंड कापायची कातर आणून कुलूप तोडलं तोवर गोठा खाली आला होता. माणसं वाचली, पण आतली वासरं गेली. ती ओरडत होती हे इर्माने बंबखान्यापाशी उभ्यानेच ऐकलं होतं, आणि ओरडणं थांबल्याचंही तिला कळलं.

क्लेटनचा आता एकच आठवडा उरला होता. तरी तरुण मंडळींनी महाभियोग मागितला. एवढ्याशा गावाला एवढा मोठा शब्द, पण दलाच्या नियमांत तोच होता. आणि त्या शब्दाला दात होते. काढून टाकलेल्या अध्यक्षाला मेल्यावर शेवटची फेरी मिळत नसे. शेवटची फेरी म्हणजे जुन्या लाल बंबावर शवपेटी ठेवून, घंटा वाजवत, सगळ्या गावातून स्मशानापर्यंत. इर्माचा नवरा अर्ल गेला तेव्हा क्लेटन बर्फात उघड्या डोक्याने बंबापुढे चालला होता. आता त्याचं स्वतःचं हृदय टेकीला आलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हणजे पणाला लागली होती ती खुर्ची नव्हे, ती फेरी.

सभेच्या आदल्या दिवशी क्लेटनचा मेहुणा वेंडेल इर्माच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"अगं, आठ दिवसांत तो आपणहून जातोय. जाणाऱ्याला ढकलायचं कशाला?"

"डेनिस म्हणते, शेवटच्या आठवड्यात काहीही केलं तरी चालतं, असं पुढच्या अध्यक्षाने शिकायचं का?"

"डेनिसचं राहू दे. तू काय म्हणतेस? जुनी माणसं तुझ्याकडे बघून मत टाकणार. तो नसता तर आज तू असतीस का? खाल्ल्या मिठाला तरी जाग, बाई!"

इर्मा कांदा चिरत राहिली. त्या दिवशी तिचे डोळे नेहमीपेक्षा जास्त वाहिले, आणि सगळा दोष कांद्याचा नव्हता.

रविवारी दुपारी बंबखान्याच्या हॉलमध्ये सभा भरली. मत टाकायची रीत जुनीच: लाकडी पेटीत हात घालायचा आणि मुठीतली गोटी आत सोडायची. पांढरी म्हणजे राहू दे, काळी म्हणजे काढा. त्याआधी ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. क्लेटन दाराजवळ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. इर्मा उठली.

"मी आज जिवंत आहे ती या माणसामुळे," ती म्हणाली. "माझा टँकर, माझं या हॉलमधलं जेवणखाण, माझी सगळी वर्षं याने दिलीत. मी रोज त्याचे उपकार मानते. पण मी वाचले ती दाराला कुलूप नव्हतं म्हणून. परवा मी त्या कुलपाला हात लावून उभी होते, आणि मनात एकच आलं. त्या दिवशी हे इथे असतं तर?"

"कृतघ्न!" वेंडेल ओरडला. "लाज नाही वाटत?"

"वेंडेल, खाली बस," क्लेटन दारातून म्हणाला. आवाज अध्यक्षाचाच होता. वेंडेल बसला.

पेटी फिरली. उघडली तेव्हा काळ्या गोट्या पुरून उरल्या. कुणीही टाळी वाजवली नाही.

टली फोर्कमध्ये कितीही भांडण होवो, सूप प्याल्याशिवाय कुणी घरी जात नाही. रांगेत सगळ्यात शेवटी वाडगा घेऊन क्लेटन आला. इर्माने तो काठोकाठ भरला.

"काळी टाकलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं केलंस." त्याने फुंकर घातली. "मीपण."

तो वाडग्याकडे बघून म्हणाला, "मेल्विनकडे गेलो होतो. एका शब्दाने बोलला नाही गं. मला कॉफी दिली." मग म्हणाला, "या वर्षी केक आला नाही."

"उद्या आणते," इर्मा म्हणाली. आणि पहिल्यांदाच तोंडाने म्हणाली, "क्लेटन, मला त्या जिन्यावरून आणलंस, त्याबद्दल..."

"तेव्हा जड होतीस," तो म्हणाला. "सूप वाढ अजून."

उन्हाळ्याच्या तोंडाला तो गेला. नियम तो नियम. लाल बंब बाहेर निघाला नाही, घंटा वाजली नाही, शवपेटी साध्या काळ्या गाडीतून निघाली. पण डेनिसने सकाळीच इर्माला विचारलं होतं, "मावशी, दारांबद्दल नियमात काही आहे का?"

"काही नाही," इर्मा म्हणाली होती.

गाडी बंबखान्यासमोर आली तेव्हा सगळी दारं सताड उघडी होती, पुढची, मागची, स्वयंपाकघराचीसुद्धा. आत दल घरच्या कपड्यांत उभं होतं, मेल्विन झूक त्यांच्यात होता. गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली. इर्मा दारात, जिथे ते कुलूप ठोकलं होतं तिथे हात ठेवून, गाडी वळेपर्यंत उभी राहिली. मग आत जाऊन तिने सुपाचं पातेलं चढवलं.