आई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. मी आणि माझा नवरा मंदार, दोघंही इंजिनियर... घरात राशिभविष्यसुद्धा कोणी वाचत नाही. तरी लिहितेय, कारण हे सांगायचं तरी कुणाला?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कॅनडातलं कॅल्गरी, बाहेर उणे अठ्ठावीस. सासूबाई — मीही त्यांना आईच म्हणते — अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नागपूरला शाळेत गणित शिकवायच्या. इंग्लंडात कधी पाऊल ठेवलेलं नाही. त्या दुपारी मंदार ऑफिसमधून लवकर आला, हॉलवेत आई समोर आल्या... आणि झटकन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मान खाली.

"आई? काय गं, चक्कर आली?"

"बेग पार्डन, सर," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

आधी थट्टा वाटली. पण मग रोज तेच. मंदार दिसला की भिंत. सकाळी गॅसच्या फायरप्लेसपुढे गुडघे टेकून नसलेली राख भरायच्या. टेबलावर आमच्याबरोबर बसेनात. किचनमध्ये उभ्याने दोन घास खायच्या. डॉक्टर झाले, स्कॅन झाले — सगळं नॉर्मल.

"आई, अगं मी मंदू!" म्हणत त्याने एकदा खांदे धरून त्यांना वळवलं, तर थरथर कापायला लागल्या. सोडावंच लागलं.

शेजारच्या मार्गरेट, ऐंशी पार केलेल्या, केक द्यायला आल्या. आईंना तसं उभं पाहून मटकन खुर्चीत बसल्या.

"माझी आई करून दाखवायची हे," त्या म्हणाल्या. "युद्धाआधी इंग्लंडात एका बड्या कंट्री हाउसमध्ये मोलकरीण होती ती. मालक समोर आला की भिंतीकडे तोंड करायचं. तिथला नियमच होता तसा."

"मग आता काय करू आम्ही?" मी विचारलं.

मार्गरेट उठल्या, आवाज कडक केला आणि आईंना इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "तुझं काम संपलं. घरी जा. तुझी माणसं न्यायला आली आहेत."

आईंनी हळूच मान वळवली. सगळीकडे पाहिलं.

"व्हेअर, मॅम?"

मंदार तीन फुटांवर उभा होता.

अकराव्या दिवशी सकाळी किचनमधून आवाज आला, "मंदू, चहा टाकू का रे?" बस्स. जसं आलं तसं गेलं. आईंना त्यातलं काही आठवत नाही, आम्हीही सांगितलेलं नाही. हे का झालं, त्यांच्याच बाबतीत का झालं — डॉक्टरांना माहीत नाही, आम्हालाही नाही.

मंदार मात्र अजून दारातच थांबतो. बूट न काढता "आई" म्हणून हाक मारतो... आतून ओ आली, की मगच पाऊल आत टाकतो.