सोफ्यावरचे उलटे पाट

पंचवटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी कुत्रा चढू नये म्हणून सोफ्यावर उलटे पाट मांडून ठेवलेत. आल्यागेल्यालाही सतरंजीवरच बसवतात. "तुम्ही वर बसलात की बंड्याला वाटतं, मग मी का नाही?" हे इतक्या गंभीरपणे सांगतात की भांडायचीही सोय नाही. बंड्या चढायचा तो चढतोच. मग काका चुटकी वाजवतात, "खाली. शहाणा ना तू?" उतरला की बिस्कीट.

काल माझे गुडघे ठणकत होते. वैतागून मी एक पाट सरकवला आणि सोफ्यावर टेकलो. चहा घेऊन आलेल्या काकांनी चुटकी वाजवली.

मी मुकाट्याने उतरलो. त्यांनी बिस्कीट पुढे केलं. संताप याचा, की मी ते खाल्लंही.