अकरा वाजून दहा मिनिटांची नोंद

आंधळगावच्या शोभाताईंना मी दोनदाच भेटलो. पहिल्या भेटीत मी त्यांना खोटं सांगितलं, तेही मोठ्या रुबाबात.

१९८७ साली भंडाऱ्यातल्या एका कचेरीत मी संगणक चालवत असे. नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांची यादी लावणारा प्रोग्राम मीच बेसिकमध्ये लिहिला होता. ज्याची नोंद आधी, त्याला पत्र आधी. म्हणून साल, महिना, तारीख, तास आणि मिनिटं जोडून मी एकच दहा आकडी संख्या केली आणि स्वतःवर भलताच खूश झालो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो, दुसरं काय!

शोभाताई कोष्ट्याच्या घरची सून. घरचा हातमाग सांभाळून त्या शिवणाची परीक्षा पास झाल्या होत्या. नऊ वर्षं वाट पाहिल्यावर शिवणशिक्षिकेची एक जागा निघाली, आणि पत्र गेलं दुसरीला. त्याच महिन्यात यांची वयाची मुदत संपत होती. त्या विचारायला आल्या, तेव्हा मी छापील कागद पुढे केला.

"ताई, ती तुमच्याच दिवशी आली होती, पण तुमच्याआधी. मशीन चुकत नाही."

त्या निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी मी नावनोंदणीची जुनी, हातानं लिहिलेली वही उघडली. १३ जून १९७८. शोभाताई अकरा-दहा, ती दुसरी अकरा-पस्तीस. संख्या साठवायच्या मी वापरलेल्या साध्या प्रकारात मशीन पहिले सातेक आकडेच नीट धरून ठेवत असे. पुढची मिनिटं गळली, दोघी सारख्या ठरल्या आणि जिचं कार्ड संगणकात आधी टाइप झालं ती वर गेली. प्रोग्राममध्ये एक छोटं चिन्ह लावलं असतं, तर सगळे आकडे टिकले असते. ते मी आता गुपचूप लावलं. दुसरी कामावर रुजू झाली होती आणि मला माझी नोकरी प्यारी होती. आठ महिने गप्प बसलो. सांगायला लाज वाटते.

शेवटी आंधळगाव गाठलं. शोभाताई मागावर बसल्या होत्या. मी मशीनची आणि माझी चूक सांगितली, तसा त्यांच्या हातातला धोटा थांबला.

"म्हंजे मीच आधी होती?"

"हो."

"त्या दिवशी सासूच्यानं माही पहिली बस चुकली होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरून दे, मंग जाय, म्हणे. तुमी सांगतलं तवापासून मी तिले रोज म्हणत होती, तुह्याच कांड्यांपायी माही नौकरी गेली."

"कुठे आहेत त्या? मी सांगतो त्यांना."

"मांगच्या महिन्यात गेली. जाताना हात धरून म्हणे, पोरी, मले माफ कर. मी तोंड फिरवलं जी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी मांगच्या महिन्यात काहून नाही आले?"

मी नोकरीपायी गप्प बसलो होतो, हे मला त्यांना सांगवलं नाही.