लेझरनंतरचं मैदान

माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. तरी सात वर्षं मी सगळ्यांना गुडघाच सांगितला, आणि आमच्या नंदाखालपासून विरारपर्यंत भेटेल त्या माणसाने मला त्यावर औषध सुचवलं. कुणी निरगुडीचा पाला दिला, कुणी कसलं तेल. मी निमूट घेत गेले. खरं कारण हनुवटीवर होतं.

सतराव्या वर्षी मी गावच्या संघातून कबड्डी खेळायचे. चढाई माझी, आणि बऱ्यापैकी करायचे. एका सामन्यात मागून पकड झाली आणि पकडणाऱ्या मुलीचा तळवा माझ्या हनुवटीवर बसला. तिने तो चटका बसल्यासारखा काढून घेतला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला दाढी आहे." सकाळी खरवडलेले केस दुपारपर्यंत खुंट होऊन वर येतात हे तोवर फक्त मला आणि आईला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून माझा गुडघा दुखायला लागला.

घरात या गोष्टीबद्दल बोलत नसत. आई बाजारातून ब्लेडची पाकिटं आणायची आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवून ठेवायची. मी ती काढून घ्यायचे. संपली की पुन्हा तिथे नवी असायची.

नोकरी लागल्यावर, तेविसाव्या वर्षी, मी बोरिवलीच्या एका दवाखान्यात लेझर सुरू केलं. तेव्हा आमच्याकडे लेझर म्हटलं की लोकांना डोळ्याचं ऑपरेशन आठवायचं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सावळ्या कातडीला डाग पडू शकतो, उन्हापासून जपायचं, आणि प्रत्येक वेळी लेझर झालं की आठवडाभर घाम येईल असं काही करायचं नाही. त्या आठवडाभर म्हणाल्या. मी जन्मभर असं ऐकलं.

सहा वेळा जाऊन आले. केस गेले. हनुवटीवरून बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. आनंद व्हायच्या ऐवजी मला धास्तीच बसली, की हे मिळालंय ते आता जाणार. चहाची वाफ आली तरी कप लांब धरायचे. फोडणीला उभी राहत नसे. आईचं शास्त्र तर आणखी वेगळं. घाम म्हणजे पाणी, आणि पाणी मिळालं की बी रुजतं. बागायतदाराची मुलगी ती, तिला सगळीकडे भाजीचे वाफेच दिसायचे. मी तिला हसले, पण पंख्याखालून हलले नाही.

शेवटच्या खेपेला दोन महिने झाले असतील, तेव्हा बाजारात खेळाच्या बाई भेटल्या. त्यांनीच मला कबड्डी शिकवली होती. त्यांनी गुडघ्याची चौकशी केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बरा आहे. मग पुढच्या रविवारी मैदानावर ये, नव्या पोरींना चढाई दाखव, म्हणाल्या. मला हो म्हणावं लागलं. खरं सांगायचं तर खेळायला जीव तुटत होता. सात वर्षं कुठे सामना दिसला की मी वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने जात होते.

दम टिकायला हवा म्हणून केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर पळायला लागले. ऊन लागू नये म्हणून स्कूटीवरच्या मुली बांधतात तशी ओढणी बांधली, नाकावरून, हनुवटीखालून, मागे घट्ट गाठ. तीही दुहेरी. खाली क्रीमचा जाड थर. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा मला बघून भुंकायची. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी अंघोळ करून आरशात पाहिलं तर हनुवटीभर लालभडक पुरळ. भाजलं, म्हटलं. आता डाग पडणार, नाहीतर केस येणार, नाहीतर दोन्ही. आईने पाहून तोंडाला पदर लावला. "तरी मी सांगत होते," एवढंच म्हणाली आणि हळद उगाळून घेऊन आली. मी तिला हात लावू दिला नाही. रजा टाकली आणि तशीच बोरिवली गाठली. वाटेत ओढणीखाली किती वेळा हनुवटी चाचपली, देव जाणे.

डॉक्टरबाईंनी दिव्याखाली नीट पाहिलं. घामोळं आहे, म्हणाल्या. ओढणीत घाम कोंडून आलंय. लेझरचा याच्याशी संबंध नाही, त्याला केव्हाच दोन महिने उलटले. क्रीम पातळ लाव, ऊन चढायच्या आत पळ, आणि ती ओढणी आधी सोड. "तोंडाला जरा वारा लागू दे," असं त्या म्हणाल्या आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं, सुटकेचं आहे. तसं नव्हतं. भाजलं असतं तर मैदानावर जावं लागलं नसतं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

रविवारी गेले. घामोळं बसलं होतं. सकाळपासून दहादा तपासून झालं होतं. बाईंनी सात पोरी समोर उभ्या केल्या, बहुतेक अर्नाळ्याच्या, अंगाने काटक. मी माती कपाळाला लावली आणि दम धरून आत शिरले. पाय काही विसरले नव्हते. एकीला बोट लावलं, वळले, तोच कोपऱ्यातलीने घोटा धरला. आडवी पडले. मधली रेषा पुढ्यात होती, हातभर अंतरावर, आणि दमही शिल्लक होता. तेवढ्यात दुसरी पाठीवर आली आणि तिचा तळवा माझ्या गालावरून खाली सरकला.

माझा उजवा हात मोकळा होता. तो रेषेकडे जायला हवा होता. तो हनुवटीवर गेला. त्याच्यामागून डावाही गेला. मी तोंड झाकून मातीत पडून राहिले, आता ती बोलेल, आता बोलेल, म्हणून. माझा दम कधी तुटला ते मला कळलंही नाही.

पाठीवरची पोर उठली. दंडाला धरून तिने मला बसवलं. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती रेषेकडे बघत होती.

"पन ताई, लाइन तर हितंच होती," ती म्हणाली. "हात का नाय टाकला?"

दोन्ही हातांनी हनुवटी धरून मी तशीच बसले होते.